शुक्राला उसंत मिळाली होती का

पुतणीच्या लग्नाची तारीख धरायला आम्ही सगळे दादाच्या घरी जमलो होतो. मुलाकडच्यांना जानेवारीच हवा होता. नवरामुलगा परदेशातून तेवढ्याच सुट्टीवर येणार होता आणि कार्यालयही मिळत होतं. गुरुजींनी पंचांग उघडलं, पानावरून बोट खाली नेलं आणि मान हलवली. शुक्राचा अस्त आहे, तो उगवेपर्यंत मुहूर्त नाही. मुलाचे वडील अजिजीनं म्हणाले, "गुरुजी, गौणकाळातला एखादा बघा ना." गुरुजी म्हणाले, "बघतो की, निघेलही. पण माझं विचाराल तर थांबा. शुक्र हा जलतत्त्वाचा ग्रह. संसाराला ओलावा तो देतो." मग कार्यालयाच्या अनामत रकमेचं बोलणं निघालं, वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि विषय पुढे सरकला. मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिले. त्याच आठवड्यात मी शुक्राबद्दलचं एक संशोधन वाचत होते आणि त्याचा निष्कर्ष होता की या ग्रहावर समुद्र कधी झालाच नसावा, पोटातूनच तो कोरडा आहे. गुरुजींशी वाद घालावा असं मनात आलं नाही. त्यांचं शास्त्र वेगळ्या कामासाठी आहे. पण शुक्र आणि पाणी हे दोन शब्द त्यांनी इतक्या सहज एका वाक्यात बसवले, आणि नेमकं तिथेच गेली साठेक वर्षं मोठमोठ्या माणसांचं एकमत होत नाहीये, याची रुखरुख घरी येईपर्यंत गेली नाही.

शुक्रावर कधी पाऊस पडला होता का? जीवसृष्टीचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आजोळी आजी चांदणीवर उठायची. घड्याळ घरात होतं, पण ते मामाच्या कामाचं. आजी ओसरीवरून पूर्वेकडे बघायची, चिंचेच्या वर चांदणी आली असली की चूल पेटवायची आणि बादली घेऊन गोठ्याकडे जायची. थंडीत मी गोधडीतून डोकं बाहेर काढून बघायचे तेव्हा ती चांदणी इतकी लखलखीत असायची की डोळे किलकिले करावे लागत. गोवऱ्यांचा धूर, शेणाचा ओलसर वास, बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज आणि वर तो एकच स्थिर उजेड. मग काही महिन्यांनी ती पहाटेची दिसेनाशी व्हायची आणि पुढे कधीतरी दिवेलागणीला पश्चिमेला उगवायची. "आता ती तिकडं गेली," आजी म्हणायची. दोन्हीकडची चांदणी एकच, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही वाटलं असतं की एवढ्या निर्मळ उजेडाच्या ठिकाणी काहीतरी चांगलंच असणार. तो उजेड ढगांचा असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. शुक्र ढगांनी पूर्ण झाकलेला आहे. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला सुमारे तीन चतुर्थांश तो परत फेकतो, म्हणून तो एवढा झळकतो. आणि ते ढग सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे आहेत.

त्या ढगांनी फार दिवस सगळ्यांना आशेवर ठेवलं. ढग आहेत म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे खाली दलदल, जंगल, काहीतरी हिरवं असणार. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी शंभर वर्षांपूर्वी शुक्राची कल्पना अशीच केली होती, सगळं चिंब, दमट, वनस्पतींनी गच्च. आकारानं तो जवळजवळ पृथ्वीएवढा, वस्तुमान पृथ्वीच्या ८१ टक्के, शेजारीच. कल्पना चुकीची ठरली तरी वेडेपणाची नव्हती. मग १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेचं मरिनर-२ यान त्याच्या जवळून गेलं आणि तिथून येणारी सूक्ष्मलहरींची ऊब मोजून सांगितलं की खालची जमीन भयंकर तापलेली आहे. आता आपण आकडा जाणतो, सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. त्या उष्णतेत शिसं वितळतं. हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि तिचा दाब आपल्याकडच्या नव्वद पटींहून अधिक.

सोव्हिएत रशियानं तरीही याने खाली उतरवली, पुन्हा पुन्हा उतरवली, आणि त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. १ मार्च १९८२ ला उतरलेलं व्हेनेरा-१३ बत्तीस मिनिटं टिकावं म्हणून बांधलं होतं, ते १२७ मिनिटं टिकलं. त्यानं पाठवलेला रंगीत फोटो मी पहिल्यांदा तालुक्याच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात पाहिला. खालच्या कडेला यानाचा दातेरी काठ, त्याच्यापाशी कॅमेऱ्याचं गळून पडलेलं झाकण, आणि पुढे दगडाच्या चपट्या फरशा. एकीवर एक सरकलेल्या, कडा तुटलेल्या, मध्येमध्ये बारीक भुगा. सगळ्यावर नारिंगी उजेड, कारण एवढ्या दाट हवेतून निळा प्रकाश खाली पोचतच नाही. मासिकाच्या कागदाला कुबट वास येत होता आणि मी ते पान कितीतरी वेळ उघडं ठेवून बसले होते. भीती वाटली नाही. उलट ओळखीचं वाटलं. पुढे वाचलं की त्या मोहिमांत यानानं दगडाचा नमुना आत ओढून क्ष-किरणांनी तपासला, आणि तो बसाल्टच्या जातीचा निघाला.

बसाल्ट म्हणजे आपला काळा पत्थर. किल्ल्यांच्या तटाचा, वाड्याच्या जोत्याचा, पाट्या-वरवंट्याचा. तो ओळखीचा वाटला यात नवल काहीच नव्हतं, पण या ओळखीची दुसरी बाजू मला अलीकडे जास्त अस्वस्थ करते. आपला हा दगड साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून उसळलेल्या लाव्ह्याचा आहे. एकावर एक थर, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले. असे महाउद्रेक पृथ्वीवर अनेकदा झाले. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात झाला तेव्हा समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती संपल्या. नासाच्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेत काम करणाऱ्या मायकल वे यांचा अंदाज असा की शुक्राचा घात याच जातीच्या उद्रेकांनी झाला असावा. पृथ्वीवर ते एकेकटे आले, मध्ये कोट्यवधी वर्षं गेली. शुक्रावर असे काही महाउद्रेक एकाच सुमारास झाले असतील, तर एवढा कार्बन डायऑक्साइड एकदम हवेत आला असेल की सावरायला वेळच मिळाला नाही.

हे वाचल्यापासून घाटातून जाताना माझी नजर रस्ता कापलेल्या भिंतींवर असते. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा दिसतो. कधी वीतभर, कधी पुरुषभर. पावसाळ्यात त्यातून तांबडं पाणी झिरपून खालच्या काळ्या दगडावर ओघळ उठतात. एकदा गाडी थांबवून मी तो पट्टा हातानं चाचपला होता. कातळ खरखरीत आणि थंड, आणि हा मऊ, नखानं उकरला तर सुटणारा, बोटांना गेरूसारखा लागणारा. भूशास्त्रात त्याला रेड बोल म्हणतात. खालचा लाव्हा निवल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात हवापाण्यानं त्याचा माथा झिजून हे तयार झालं. म्हणजे मध्ये उसंत होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. लहानखुरे बेडूक. आगीचा डोंगर होऊन गेला होता, आणखी एक यायचा होता, आणि मध्ये कुठेतरी डबकं साचलं, त्यात शेवाळ धरलं, किडे आले, बेडूक आले. मला या गोष्टीइतकं धीर देणारं दुसरं काही माहीत नाही.

पृथ्वीला ही उसंत पावसानं मिळवून दिली. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्याचं सौम्य आम्ल होतं, ते कातळ झिजवतं, नद्या तो झिजलेला माल समुद्रात नेतात आणि तिथे त्याचा चुनखडक होतो. हे काम इतकं सावकाश आणि इतकं प्रचंड आहे की शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आज आहे, साधारण तेवढाच आपल्याकडेही आहे, फक्त तो खडकांत बांधलेला आहे. शुक्रावर तो मोकळा सुटलेला आहे. तेव्हा तिथे कधी काही जगलं असेल का, असं विचारायचं तर आधी विचारावं लागतं की तिथे कातळ झिजवणारा पाऊस कधी होता का, आणि दोन उद्रेकांमध्ये त्याला पुरेसा वेळ मिळाला का.

पाणी होतं याचा सर्वांत बोलका पुरावा एका बिघाडातून मिळाला. १९७८ साली अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस मोहिमेतली एक कुपी शुक्राच्या हवेतून खाली जात होती. ढगांतून जाताना तिच्यातल्या वायू तपासणाऱ्या उपकरणाच्या तोंडावर सल्फ्युरिक आम्लाचा थेंब बसला आणि तोंड बंद झालं. बाहेरची हवा आत येईना. पण त्या थेंबात पाण्याचा अंश होता, आणि उपकरण इमानेइतबारे त्याचंच मोजमाप करत राहिलं. त्यातला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, पृथ्वीवरच्या पाण्याच्या मानानं शंभर पटींच्या आसपास निघाला. थॉमस डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्याचा अर्थ लावला: सूर्यप्रकाशानं वाफेचे रेणू फुटले, हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला आणि जड मागे राहिला. एवढा जड उरला असेल तर पूर्वी पाणी कितीतरी जास्त असणार. आज शुक्राच्या हवेतलं सगळं पाणी जमिनीवर पसरलं तर जेमतेम तीन सेंटीमीटरचा थर होईल. पृथ्वीवर तोच हिशोब जवळपास तीन किलोमीटरवर जातो. निसटलेलं पाणी समुद्राएवढं होतं की गुडघाभर, हे मात्र त्या आकड्यावरून ठरत नाही. आणि दुसरंही एक आहे, ज्याकडे उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होतं. ते पाणी पाणी म्हणून खाली साचलं होतं, की पहिल्यापासून वाफच होती?

वे यांनी २०१६ मध्ये संगणकावर जुना शुक्र उभा केला तेव्हा उत्तर आशेचं आलं. शुक्र स्वतःभोवती फार संथ फिरतो, एका फेरीला पृथ्वीचे २४३ दिवस घेतो. अशा ग्रहावर उथळ समुद्र असेल तर दिवसाच्या बाजूवर ढगांची दाट छत्री धरली जाते, ती ऊन परतवते, आणि खाली हवा सुसह्य राहते. त्या गणितात शुक्रावर दोन अब्ज वर्षं, कदाचित त्याहून जास्त, समुद्र टिकतो. दोन अब्ज वर्षं! पृथ्वीवर पहिले सूक्ष्मजीव यायला एवढा काळ लागला नव्हता. मी ते वाचून त्या रात्री झोपले नाही म्हटलं तरी चालेल. गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत उभी होते आणि मला खरोखरच तिथे किनारा दिसत होता.

मग २०२१ मध्ये मार्टिन टर्बे आणि सहकाऱ्यांनी तेच गणित आणखी मागून सुरू केलं. वे यांनी समुद्र आहे असं धरून सुरुवात केली होती. यांनी सगळं पाणी वाफेच्या रूपात धरलं, ग्रह नुकताच घडून तापलेला असतो तसं. तेव्हा ढग दिवसाच्या बाजूला राहीचनात, रात्रीच्या बाजूला गोळा झाले. तिथे ते ऊन अडवत नाहीत, उलट ऊब कोंडून ठेवतात. वाफ वाफच राहिली, एक थेंब खाली पडला नाही. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पृथ्वी निवत होती तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी मंद होता. तो तसा नसता तर आपली वाफही कदाचित खाली आली नसती. आणि २०२४ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या तेरेझा कॉन्स्टँटिनू आणि सहकाऱ्यांचं काम आलं, जे मी लग्नाच्या बैठकीच्या आठवड्यात वाचत होते. शुक्राची हवा सतत थोडी थोडी नष्ट होते आणि ज्वालामुखी तिची भर घालतात. ती भर कशाची असायला हवी याचा त्यांनी हिशोब मांडला, आणि त्या वायूंत वाफ फार तर सहा टक्के निघाली. पृथ्वीवरच्या ज्वालामुखींतून मुख्यतः वाफच बाहेर पडते. पोटात पाणी नाही, म्हणून बाहेरही नाही, आणि बहुधा कधीच नव्हतं.

या निष्कर्षानं मला वाईट वाटलं. कारण सांगायचं तर, मला तो समुद्र हवा होता. तो होता आणि गेला, ही गोष्ट दुःखाची असली तरी तिच्यात कुणीतरी जगून गेल्याची शक्यता आहे. कधी नव्हताच, यात काहीच नाही. पण थोडं थांबून विचार केला तेव्हा जाणवलं की आपण शुक्राकडे नेहमी पृथ्वीची हरवलेली बहीण म्हणूनच बघतो, आणि मग तिच्या नावानं व्याख्यानं देतो. प्रदूषण आवरा नाहीतर शुक्र होईल, हे वाक्य मी कितीतरी सभांत ऐकलं आहे. पृथ्वीच्या तापण्याची मला काळजी आहे, तिच्यासाठी पृथ्वीवरचे पुरावे भरपूर आहेत. शुक्राला मात्र आज पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट ऊन मिळतं. त्याला त्याच्या जागेनंच अडचणीत टाकलं असेल, तर त्याच्यावर उधळेपणाचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

ढगांतल्या जीवांची आशा अजून काही जण धरून आहेत. जमिनीपासून पन्नासेक किलोमीटर वर तापमान आणि दाब दोन्ही आपल्याला सोसतील असे आहेत, आणि १९६७ मध्येच हॅरॉल्ड मोरोविट्झ आणि कार्ल सेगन यांनी तिथे तरंगणारे सूक्ष्मजीव असू शकतील असं मांडलं होतं. २०२० च्या सप्टेंबरात, आपण सगळे घरात अडकलेलो असताना, जेन ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी त्या ढगांत फॉस्फीन वायू सापडल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर तो सूक्ष्मजीवांच्या वस्तीत सापडतो. त्या संध्याकाळी फोनवर फोन आले. पुढे मोजमाप पुन्हा तपासल्यावर प्रमाण बरंच खाली आलं, काहींना तो दिसलाच नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. मला त्यापेक्षा २०२१ चा जॉन हॉल्सवर्थ यांचा अभ्यास जास्त निर्णायक वाटतो. त्या थेंबांत जीवाला वापरता येईल असं पाणी, पृथ्वीवरच्या सर्वांत काटक जीवाला लागतं त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. खाली कधी समुद्र होता, तिथे जीव घडले, आणि जमीन तापली तसे ते वर सरकले, असं असेल तरच ढगांतल्या जीवांची गोष्ट काही अर्थ धरते. म्हणजे फिरून पुन्हा गुरुजींच्या त्या जलतत्त्वापाशीच यावं लागतं.

खाली जाऊन खणावं म्हटलं तर खुणाच पुसल्या आहेत. १९९० ते १९९४ मध्ये मॅगेलन यानानं रडारनं ढगांखालची जमीन पाहिली. सगळीकडे लाव्ह्याची मैदानं, आणि उल्का आदळून पडलेली विवरं जेमतेम हजारभर. जमीन जुनी असती तर ती कितीतरी जास्त असती, म्हणजे ही बहुधा शंभर कोटी वर्षांहूनही तरुण. रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली यांनी २०२३ मध्ये त्याच जुन्या चित्रांतून दाखवलं की माट मॉन्स या ज्वालामुखीचं एक तोंड १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या आत आकार बदलून मोठं झालं होतं. तिथे थरांवर थर अजून चढताहेत. जुने किनारे असतील तर त्यांच्या खाली.

पण टेसेरा उरले आहेत. मैदानांतून वर आलेले, उलटसुलट घड्या पडलेले उंच प्रदेश, शुक्राच्या सुमारे आठ टक्के भागावर. आसपासच्या लाव्ह्यापेक्षा ते जुने आहेत. ते कोणत्या दगडाचे आहेत हे अजून कुणी तपासलेलं नाही. पृथ्वीवर खंडांचा ग्रॅनाइट मोठ्या प्रमाणावर तयार होतो तो पाण्याच्या साथीनं. पाणी मुरलेला खडक खोल जाऊन वितळतो तेव्हा. नासाची दाविंची मोहीम अल्फा रेजिओ नावाच्या अशाच एका टेसेरावर कुपी सोडणार आहे. खाली येताना ती ड्युटेरियम आणि हवेतले निष्क्रिय वायू मोजेल आणि शेवटच्या टप्प्यात त्या दगडाचे फोटो घेईल. इस्रोच्या शुक्र परिक्रमा मोहिमेलाही २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, १,२३६ कोटी रुपये, आणि उड्डाणासाठी मार्च २०२८ चं उद्दिष्ट. तिच्यावरही रडार असणार आहे. तारखा पुढेमागे होतील, या कामांत होतातच.

दगड ग्रॅनाइटच्या जातीचे निघाले तर शुक्रावर कधीकाळी पाणी जमिनीत मुरत होतं असं मी मानेन आणि वे यांचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचेन. नुसताच बसाल्ट निघाला, तर टर्बे आणि कॉन्स्टँटिनू यांचं पारडं माझ्यापुरतं जड होईल. मला पहिलं उत्तर हवं आहे, हे लपवत नाही. अल्फा रेजिओच्या फोटोत काळ्या थरांच्या मध्ये कुठे वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो का, हे मी सगळ्यांत आधी बघणार आहे.